जमातीचा पत्ता

सोलापूरच्या एस. टी. स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं तरी पुरतं. तो फक्त एवढंच विचारतो, "फ्री कॉलनी नंबर किती?" इंग्रजीत सेटलमेंट म्हणजे वसाहत, तडजोड, हिशेबाची मिटवामिटवी, असं बरंच काही होतं. सोलापुरात त्याचा अर्थ एकच. ज्यांच्या अख्ख्या जमातीला इंग्रज सरकारनं गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची जागा. कुंपण गेलं, नाव राहिलं. 'फ्री कॉलनी' हे नाव तर जरा थांबून ऐकावं असं आहे. कुंपणातल्या ज्या कुटुंबांची वागणूक साहेबाला पसंत पडे, त्यांना तारेबाहेर राहायची मुभा मिळे. त्यांची वस्ती ती 'फ्री'. आता तिथली पोरं लग्नाच्या पत्रिकेवर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं बिनदिक्कत छापतात. पत्ता म्हणजे पत्ता, त्यात काय एवढं!

पण मी ज्या शब्दाबद्दल लिहायला बसलोय तो सेटलमेंट नव्हे. त्याच्या आधी लागणारा दुसरा एक इंग्रजी शब्द आहे, 'ट्राइब'. त्या शब्दापर्यंत यायला मला माझ्या गावातूनच यावं लागेल.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं, सीना नदीच्या काठचं. गावाच्या उगवतीला, ओढ्यापलीकडं कैकाड्यांची पाच-सहा पालं असत. पुढं त्यांची कुडाची घरं झाली. निरगुडीच्या फोका आणि तुरीच्या तुराट्या आणायच्या, भिजवायच्या आणि त्यातून टोपली, डालगं, पाटी, कणगी विणायची, हा त्यांचा धंदा. आमच्या वाड्यात माणूसभर उंचीच्या तीन कणग्या होत्या, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेल्या. मोहोळच्या संशोधन केंद्रातली मालदांडी ज्वारी आमच्या भागात घरोघर पेरली जायची. ती पुढच्या सुगीपर्यंत या कणग्यांत राहायची. म्हणजे गावाचं वर्षाचं धान्य ज्यांच्या हातच्या विणीवर निर्धास्त असायचं, तीच माणसं गावात काही चोरीला गेलं की पहिल्यांदा चावडीवर बोलावली जायची. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं गावाला कधी सुचलं नाही.

आमचे आजोबा पोलीस पाटील होते. कैकाड्यांची हजेरी घेणं हे त्यांच्या कामात होतं. मी काही ती हजेरी पाहिली नाही, माझा जन्म एकोणपन्नासचा. पण आजी सांगायची, "सांज झाली की समदी वळीनं हुबी ऱ्हायची. तुजं आजं नाव वाचायचं, त्यानं 'जी पाटील' म्हनायचं. म्हातारं न्हाई, तरनं न्हाई, समद्यास्नी एकच." परगावी जायचं तर पास काढावा लागे. कुठं जाणार, कशाला, किती दिवस, सोबत कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. तिथं पोचल्यावर तिथल्या पाटलाला पास दाखवायचा आणि परतताना त्याची सही आणायची.

आजीनं सांगितलेली एक हकिकत माझ्या मनात घर करून आहे. वस्तीतल्या एका माणसाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. तो चार दिवसांचा पास घेऊन तिकडं गेला. पोरगं झालं. पहिलंच. म्हणून हा आणखी दोन दिवस राहिला. परत आला तेव्हा फौजदार येऊन बसला होता. "पोराचं त्वांड बगाया ऱ्हायला बिचारा," आजी म्हणायची, "आन् वहीत त्याच्या नावाम्होरं फुली पडली." पुढं वर्षभरात ते कुटुंबच सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये रवाना झालं. ज्या पोरापायी हे घडलं, तो पोरगा तारेच्या आत वाढला. त्याचाच मुलगा माझा वर्गमित्र. कायदा उठल्यावर ही मंडळी पुन्हा गावात आली, आणि आम्ही दोघं एकाच फडक्यात भाकरी बांधून ओढ्याकाठच्या शाळेत जायला लागलो.

आजोबा वाईट नव्हते. दुष्काळात याच वस्तीला त्यांनी ज्वारी दिल्याचं आजीच सांगायची. पण यादी वाचणारा भला की बुरा, याच्याशी यादीला काही कर्तव्य नसतं. आजोबांनी नीट, वेळेवर, कुणाला शिवी न देता हजेरी घेतली, हेही खरं आणि त्यांच्याच वहीतली एक फुली एका घराला उचलून कुंपणात टाकायला पुरली, हेही खरं.

हा कायदा १२ ऑक्टोबर १८७१ चा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि हाताच्या बोटांचे ठसे घेणं त्यात आलं. १९२४ मध्ये पुन्हा सगळं एकत्र करून पक्कं केलं. कायदा करताना मांडलेला विचार असा होता, की हिंदुस्थानात धंदा जातीनं चालतो. सुताराचा पोरगा सुतार होतो, कोष्ट्याचा कोष्टी होतो. तेव्हा गुन्हा हाच ज्यांचा धंदा आहे अशाही जाती असणार, आणि त्यांची पोरंही तेच करणार. कायद्यात शब्द वापरले ते तीन. ट्राइब, गँग आणि क्लास. जमात, टोळी आणि वर्ग. यांपैकी कशावरही सरकारनं बोट ठेवलं की झालं, आणि एकदा का जाहीरनामा निघाला की तो बरोबर की चूक हे विचारायला कोर्टाची दारं बंद.

हा युक्तिवाद परक्यांनी केला म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, आणि ठेवावीतच. पण तो त्यांना सुचला कुठून? आमच्याच वाड्यातून. आजोबांना पाटीलकी मिळाली ती परीक्षा देऊन नव्हे, जन्मानं मिळाली होती. मान, वतन, पोळ्याला पहिला बैल, सगळं जन्मानं. जिथं मान वारशानं मिळतो तिथं गुन्हाही वारशानं मिळत असेल, असं एखाद्या साहेबाला वाटलं, तर त्याला ते शिकवणाऱ्यांत आमचीही चार घरं होती म्हणायची.

सोलापुरात हे सेटलमेंट वाढलं त्याला गिरण्यांचंही कारण आहे. १८७७ साली जुनी मिल निघाली, मग बाकीच्या आल्या. गिरणीला माणसं हवी होती आणि सरकारला माणसं गुंतवून ठेवायला जागा हवी होती. तिहेरी तारेचं कुंपण, आत कैकाडी, भामटे, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जणांच्या रांगा, हजेरी, गिरणीची पाळी, परत हजेरी. पोरांसाठी शाळा. त्या शाळेचा दाखला हाच माझ्या वर्गमित्राच्या वडिलांच्या आयुष्यातला पहिला कागद, आणि आता या लेखाचं कारणही तोच.

झालं असं, की वर्गमित्राच्या नातवाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता. जातीचा दाखला होता, पण पडताळणी व्हायची होती. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी आपल्याकडं २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरतात. त्याच्या आधीपासून तुमचं कुटुंब या राज्यातलं आहे आणि त्याच जातीचं आहे, याचा कागद दाखवावा लागतो. आता पालं घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडं १९६१ च्या आधीचा कागद कुठला असणार? ना सात-बारा, ना घरपट्टी, ना खरेदीखत. जन्म झाडाखाली, मरण वाटेवर. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना घेऊन पोरगा कागद हुडकत बसला, आणि वर्गमित्राच्या पत्र्याच्या पेटीतून तो दाखला निघाला. साल १९३५. जात कैकाडी. आणि वर ठळक इंग्रजी अक्षरांत, क्रिमिनल ट्राइब्ज सेटलमेंट, सोलापूर.

पोरगं हुशार. ते बघत राहिलं आणि म्हणालं, "तात्या, आमच्या अर्जावर विमुक्त 'जात' हाय. ह्या कागदावर 'ट्राइब' हाय. म्हंजी आमी जात का जमात? आन् ट्राइब म्हंजी नेमकं काय वो?"

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. पण याचं उत्तर तोंडावर देता येण्यासारखं नव्हतं. सोलापूरला हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन दोन दिवस कोश उलटेपालटे केले. काय सापडलं ते सांगतो.

ट्राइब हा शब्द मूळचा रोमचा, 'ट्रिबुस'. रोमच्या दंतकथेत सांगतात की शहर वसलं तेव्हा लोकांचे तीन भाग केले होते. त्या तिनावरून, म्हणजे आपल्या 'त्रि'वरून, ट्रिबुस आला असं पुष्कळ जण मानतात, काही मानत नाहीत. तीन तारांच्या कुंपणाला हा शब्द बरा शोभला, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण तो नुसता योगायोग. महत्त्वाचं ते पुढंच आहे. रोममध्ये हे भाग लवकरच रक्ताचे राहिले नाहीत, जागेचे झाले. इसवी सनापूर्वी २४१ पर्यंत ते ३५ झाले. त्यांतले ४ शहराचे आणि ३१ खेड्यापाड्यांचे. प्रत्येक नागरिक कुठल्या ना कुठल्या ट्राइबमध्ये नोंदलेला असायचा. त्यावरून त्याचं मत घ्यायचं, त्याची मोजणी करायची. आणि एक गंमत म्हणजे मान होता तो खेड्याच्या ट्राइबला! शहराच्या चार ट्राइबमध्ये गुलामीतून सुटलेली माणसं भरायचे, आणि एखाद्याला शिक्षा म्हणून खेड्याच्या ट्राइबमधून काढून शहराच्या ट्राइबमध्ये टाकायचे. हे वाचून मला आमच्या गावच्या चार म्हाताऱ्यांची आठवण झाली. पोरं पुण्याला गेली म्हणून ती असाच उसासा टाकतात.

म्हणजे ट्राइब हा अगदी आरंभी रानात राहणाऱ्यांचा शब्द नव्हताच. तो शहाण्यासुरत्या, कर भरणाऱ्या, मत देणाऱ्या माणसांचा शब्द होता. आजच्या भाषेत वॉर्ड म्हणा, गण म्हणा. त्याच्याच कुळातून इंग्रजीत ट्रिब्यूट आला, म्हणजे खंडणी. ट्रिब्यूनल आला, म्हणजे न्यायासन. काँट्रिब्यूशन म्हणजे वर्गणी आणि डिस्ट्रिब्यूशन म्हणजे वाटप, हेही त्याच घरचे. घ्यायचं ते ट्राइबवार आणि वाटायचं तेही ट्राइबवार. पुढं बायबलच्या भाषांतरात इस्राएलच्या १२ वंशांना हा शब्द लावला तेव्हा तो रक्ताकडं झुकला. आणि युरोपातले लोक गलबतं घेऊन जगभर गेले तेव्हा जो आपल्यासारखा नाही, ज्याचा राजा ओळखता येत नाही, तो ट्राइब झाला. आपल्याकडं तर ट्राइब आणि कास्ट यांतला फरक त्यांनाही सांगता येईना. एन्थोव्हेन साहेबानं मुंबई इलाख्यावर १९२० ते २२ या काळात तीन जाडजूड खंड काढले, त्यांच्या नावातच दोन्ही शब्द जोडून टाकले, 'ट्राइब्ज अँड कास्ट्स'. कुठलाही धरा!

आता आपली 'जमात' बघा. हा शब्द अरबीतून आला. त्याच मुळातून जमा, जमाव, जमाबंदी, आणि आपलं रोजचं जमणं. 'जमलं बुवा' म्हणतो त्यातलंही तेच. जमात म्हणजे जमलेली माणसं. गोसाव्यांची जमात, बैराग्यांची जमात असं जुन्या मराठीत म्हणत, त्यात कमीपणा काही नव्हता. पण याही घराण्यात सरकार शिरलंच. जमा म्हणजे वसूल, जमाबंदी म्हणजे शेतसाऱ्याचा हिशेब, आणि माणसं फार जमली की जमावबंदी. सोलापूरकरांना हे सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात इथं जो उठला त्याला सरकारी कागदांत बेफाम जमाव म्हटलं, मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. आज त्या चौघांचे पुतळे भर चौकात आहेत. जमाव कुणाला म्हणायचं आणि हुतात्मा कुणाला, हे कागद कुणाच्या हातात आहे यावर ठरतं.

टोळीचंही तसंच. दरोडेखोरांची टोळी आणि ऊसतोडीची टोळी. आमच्या जिल्ह्यात दिवाळी झाली की कारखान्यांच्या रानोमाळ ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ पैशाला 'उचल' म्हणतात. आणि चोरीला निघणाऱ्याला 'उचल्या'. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथेला तेच नाव दिलं, त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण मला नेहमी वाटतं, उचल घेऊन थंडीत पाचटावर निजणारी बाई आणि उचल्या म्हणून हिणवलेला माणूस, दोघांच्या डोक्यावर एकच धातू आहे.

माझ्या टिपणवहीत हे सगळं उतरवून घेतल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. ट्राइब म्हणजे मुळात पत्ता होता. माणूस कुठला, कोणत्या भागात त्याची नोंद, हे सांगणारा शब्द. आणि तोच शब्द आपल्या देशात कुणाला चिकटवला? ज्यांना पत्ता नव्हता त्यांना. हिंडणं हाच कायद्याला त्यांचा गुन्हा दिसला. मग त्यांना पत्ता देण्यासाठी तारेचं कुंपण घातलं. आणि आज सत्तर-ऐंशी वर्षांनी त्यांचा नातू शिकायला निघाला तर आपण त्याच्याकडं पुन्हा मागतो काय, तर १९६१ च्या आधीचा पत्ता. आणि त्याच्याजवळ असलेला एकमेव पत्ता म्हणजे ते कुंपण. ज्यांचे आजे कुंपणात नव्हते, नुसते रानोमाळ हिंडत होते, त्यांच्याकडं तेवढंही नाही. तुरुंगवास झाला म्हणून नशीबवान, अशी ही उलटी गंगा!

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला. तो दिवस आपल्याकडं विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९६० साली पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांच्या हातानं तार तुटली, असं सेटलमेंटमधली जुनी माणसं सांगतात. 'गुन्हेगार' जाऊन 'विमुक्त' आलं. शब्द चांगला आहे, पण त्यातही मुक्त कशातून झाला हा प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांवर राहतोच. शिवाय एक नाव काढलं तरी बाकीची भाषा तशीच राहते. आपल्या राज्याच्या यादीत १४ विमुक्त जाती आहेत, त्यांत भामटा आहे, आणि रोजच्या वर्तमानपत्रात 'भामट्यानं वृद्धेला गंडवलं' असं छापून येतं. लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, वाचणाऱ्याच्याही नसतं. फक्त त्या जातीचं एखादं पोरगं शाळेच्या वाचनालयात तो पेपर उघडतं तेव्हा त्याच्या मनात असतं. त्याच यादीत रामोशी आहेत, ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावं राखली. राखणदारच चोर ठरला!

पोराच्या पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे आम्ही जात की जमात, याचं उत्तर तर आणखी अवघड निघालं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात कैकाडी विमुक्त जातीत आहेत. तेच विदर्भाच्या ठरावीक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत. वडार आपल्याकडं विमुक्त, आणि अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात गेले की अनुसूचित जाती. बंजारा आपल्याकडं विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. बैलगाडी हद्दीपलीकडं गेली की माणसाचा वर्ग बदलतो. आणि अनुसूचित जमात म्हणजे काय? राज्यघटनेनुसार काढलेली यादी आहे, व्याख्या नाही. १९६५ च्या लोकूर समितीनं काही खुणा सांगितल्या. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, दूर राहणं, मागासलेपण आणि इतरांशी मिसळायला बुजणं. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वर्गमित्र खो खो हसला. "म्हंजी पाटील, कमिटीपुढं जाऊन धडाधडा बोलायचं, की आमी लई बुजऱ्या मानसांतलं हाय!"

मी त्याला सांगितलं, मला पाटील म्हणू नकोस, पाटीलकी कधीच गेली. तो म्हणाला, "वतान गेलं, नाव कुटं गेलंय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नातवाचा तिसरा प्रश्न मात्र मला रात्रभर जागवणारा होता. कागदपत्रांची फाइल लावता लावता तो म्हणाला, "तात्या, आज्याच्या बापानं चोरी केली न्हवती, तरी जमातीपायी शिक्षा झाली. ती चूक, हे मला पटतंय. मग जमातीपायी सवलत घेणं बरोबर कसं? माझी वर्गातली पोरं हेच इचारत्यात."

प्रश्न प्रामाणिक होता, त्याला भाषण देऊन भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मी त्याला माझ्या समजुतीप्रमाणं सांगितलं. ते असं. गुन्हा माणूस करतो. तो हातानं करतो, ठरवून करतो. बापानं केलेला गुन्हा पोराच्या रक्तात उतरत नाही, कारण ठरवणं रक्तात उतरत नाही. म्हणून जमातीला गुन्हेगार म्हणणं हे नुसतं क्रूर नव्हतं, ते खोटं होतं. पण नसणं वारशानं उतरतं. आमच्या आजोबांनी मला चाळीस एकर दिली ती मी कमावली नव्हती. तुझ्या पणज्यानं तुला काही दिलं नाही, कारण त्याला घेऊच दिलं नव्हतं. माझ्याकडं आलेली जमीन आणि तुझ्याकडं न आलेली जमीन, दोन्ही वारसाच आहेत. पहिल्याचा उतारा तलाठ्याकडं मिळतो, दुसऱ्याचा कुठं मिळत नाही, एवढाच फरक. आणि हे नाकारलं गेलं ते नाव बघून नव्हे तर जमात बघून. तेव्हा भरपाईही त्याच दारानं येणार, दुसरं दार कुणी ठेवलेलं नाही.

त्याला हे पटलं, पण पुरतं नाही. "मग हे किती पिढ्या चालायचं?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कणगीत धान्य किती दिवस ठेवायचं हे सुगीवर असतं. हे उत्तर जरा चलाखीचं झालं, हे त्याच्याही लक्षात आलं असणार. खरं सांगायचं तर मला त्या पोराची एक गोष्ट जास्त बोचते. आमच्या घरातल्या पोरानं प्रवेश घेताना आपण कोण हे कुणालाही सिद्ध करून दाखवलं नाही. याला मात्र आपल्या पणज्याच्या बेडीची झेरॉक्स, स्वसाक्षांकित करून, तीन प्रतींत द्यावी लागली. सवलत मिळाली हे खरं. तिची किंमत काय पडली हे वर्गातल्या पोरांना दिसत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या बापानं सुचवलं होतं, की वरचा 'क्रिमिनल'वाला भाग घडी घालून झाकू, खालची जात तेवढी येऊ द्या. दुकानदार म्हणाला, मग कागद ग्राह्य धरणार नाहीत. कागद पुरता उलगडूनच गेला. पडताळणी झाली, प्रवेश झाला.

आता जनगणना येतेय, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात विचारून नोंदवणार आहेत. भटक्या-विमुक्तांसाठी वेगळा रकाना ठेवा, अशी त्यांच्या संघटनांची मागणी आहे. मोजल्याशिवाय वाटा मिळत नाही, हे रोमपासून चालत आलेलं आहे, त्यामुळं ती मागणी रास्तच म्हणायची. वर्गमित्राला मी विचारलं, तू काय सांगणार?

तो जातीबद्दल काहीच बोलला नाही. त्याची तक्रार निराळीच निघाली. कैकाड्यांची घरात बोलायची भाषा तमिळच्या जवळची आहे, आमच्या कानाला पाण्याच्या खळखळाटासारखी लागते. आम्ही शाळेत होतो तेव्हा तो बहिणीशी त्याच भाषेत भांडायचा आणि मास्तर दोघांनाही छडी द्यायचे. मोजणीवाले आजवर जितक्या वेळा आले तितक्या वेळा त्यांनी त्याला न विचारताच मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहून टाकलं, असं तो म्हणाला.

"औंदा दारातच बसनार हाय," तो म्हणाला. "भाषेच्या रकान्यात कैकाडी लिवल्याबिगर त्याला उटू देत न्हाई. च्या पाजीन, पन उटू देनार न्हाई."